पाच हजारांचा बटवा: हप्ते चालू असताना यूपीआय लाइट, दुसरं खातं आणि यूपीआय सर्कल कितपत कामाला येतात

पर्सनल लोनचा हप्ता, क्रेडिट कार्डाची तुंबलेली बाकी आणि वर मुंबईचा घरखर्च असं तिहेरी ओझं असलं की पहिला सल्ला मिळतो तो खर्च लिहून ठेवण्याचा. त्यासाठी अ‍ॅप्सही पैशाला पासरी आहेत. पण पंचवीस तारखेला रंगीत आलेखात ‘बाहेरचं खाणं ६,८००’ असं दिसलं म्हणून ते ६,८०० परत येत नाहीत. हप्ते भरणाऱ्या घराला पैसे गेल्यावर सांगणारं साधन कमी उपयोगी, जाण्याआधी अडवणारं जास्त. त्या एका निकषावर इथे फुकट मिळणाऱ्या तीन सोयी पारखल्या आहेत: पगाराच्या खात्यापासून वेगळं काढलेलं खर्चाचं बचत खातं, त्यावर चालणारं यूपीआय लाइट, म्हणजे पिन न मागणारा फोनमधला छोटा बटवा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला त्याच खात्यातून खर्च करू देणारं यूपीआय सर्कल. ओघात अ‍ॅप्स, वही आणि ‘हप्ता निम्मा करून देतो’ म्हणणारे एजंट यांचाही समाचार आहे.

यूपीआय लाइट सप्टेंबर २०२२ मध्ये आलं तेव्हा एका व्यवहाराला २०० रुपये आणि एकूण शिल्लक २,००० अशी मर्यादा होती. ऑगस्ट २०२३ मध्ये व्यवहाराची मर्यादा ५०० झाली. डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती १,००० आणि शिल्लक ५,००० पर्यंत वाढवली. पैसे आधी बँक खात्यातून लाइटमध्ये भरायचे, तेव्हा पिन लागतो. नंतर हजारापर्यंतचा प्रत्येक खर्च पिनशिवाय होतो. पासबुकात फक्त भरण्याची एक नोंद येते, कोथिंबिरीपासून रिक्षापर्यंतच्या नोंदींचं भारूड येत नाही. शुल्क नाही, शिल्लकेवर व्याजही नाही. भाजीवाल्याला किंवा वाण्याला वेगळं काही करावं लागत नाही, क्यूआर तोच.

पाच हजारांची ही मर्यादा घाईच्या व्यवहारांसाठी ठेवलेली आहे, काटकसरीसाठी नव्हे. पण हप्ते असलेल्या घराला ती अगदी मापात बसते. कशी, ते आकड्यांनीच पाहू.

समजा, घरात हाती पगार ७०,००० येतो. तीन लाखांचं पर्सनल लोन, १६ टक्के, ३६ महिने, म्हणजे हप्ता १०,५४७. कार्डावर ६०,००० बाकी, त्यासाठी महिन्याला ठरलेले ५,०००. मेंटेनन्स, वीज, गॅस, मोबाइल, शाळेची बस, कामवाल्या मावशींचा पगार आणि महिन्याचं वाणसामान मिळून २१,०००. वार्षिक खर्चासाठी ४,००० बाजूला. उरले २९,४५३. त्यातले २५,००० रोजच्या खर्चाचे आणि ४,४५३ राखीव. आता २५,००० चे चार नाही, पाच भाग करायचे. महिना चार आठवड्यांचा धरला की शेवटचे दोन-तीन दिवस अनाथ राहतात, आणि कार्ड बाहेर निघतं ते नेमकं त्याच दिवसांत. पाच भाग केले की दर सहा दिवसांना ५,००० येतात, म्हणजे लाइटच्या मर्यादेइतकेच. तारखा २, ८, १४, २०, २६. एक तारीख मुद्दाम टाळली आहे. पगार एकला दुपारी जमा झाला आणि पैसे वळवण्याची सूचना सकाळी चालली, तर ती शिल्लक नाही म्हणून फसते.

जोडणी

दुसरं खातं शक्यतो वेगळ्या बँकेत काढा आणि ते किमान शिल्लक न मागणारं हवं. दर सहा दिवसांनी रिकामं होणाऱ्या खात्याला किमान शिल्लकेची अट असेल तर दंडातच सगळं मुसळ केरात. स्टेट बँकेने साध्या बचत खात्यावरची ही अट २०२० मध्येच काढली. इतर बँकांत किमान शिल्लक न लागणारं मूलभूत बचत ठेव खातं मागता येतं, मात्र त्याच बँकेत तुमचं दुसरं बचत खातं असेल तर ते बंद करावं लागतं. पगार जिथे येतो ती बँक टाळण्याचं हेही एक कारण.

मग पगाराच्या बँकेच्या नेट बँकिंगमध्ये वरच्या पाच तारखांना ५,००० रुपये नव्या खात्यात जातील अशी स्थायी सूचना द्या. बचत खात्यातून ऑनलाइन एनईएफटी, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवणं, करायला जानेवारी २०२० पासून शुल्क नाही, त्यामुळे बँक वेगळी असली तरी काही बिघडत नाही.

तिसरी पायरी लोक टाळतात, आणि सगळी मांडणी तिथेच ढासळते. फोनमधल्या यूपीआय अ‍ॅपमधून पगाराचं खातं काढून टाका. यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्डही काढा. ‘नंतर पैसे द्या’ छापाची सोय सुरू असेल तर तीही बंद करा. मागे उरेल ते फक्त खर्चाचं खातं. हे का, तर लाइटमधली शिल्लक संपली की अ‍ॅप थांबत नाही. शांतपणे पिनचा पडदा पुढे करतं आणि जोडलेल्या बँक खात्यातून पैसे घेतं. हजारावरच्या रकमेलाही तसंच होतं. खाली पगाराचं खातं असेल तर लाइट हा बांध नव्हे, निव्वळ सजावट. पगाराच्या बँकेचं स्वतःचं अ‍ॅप हप्ते आणि बिलांसाठी ठेवा, पण त्यातही यूपीआय सुरू करू नका.

खरेदीच्या आणि खाण्याच्या अ‍ॅप्सवर साठवलेली कार्डंही पुसावी लागतात. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांकडे कार्डाचा आकडा राहत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्डाच्या जागी चालणारा बदली आकडा, राहतं. कोणत्या दुकानदाराकडे तुमचं टोकन आहे हे कार्ड देणाऱ्या बँकेच्या संकेतस्थळावर पाहून तिथूनच काढता येतं. यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांच्या, यादीवरही एकदा नजर टाका. ओटीटी, ऑनलाइन साठवणुकीची जागा, व्यायामाचं अ‍ॅप असं कधीतरी ‘पहिला महिना फुकट’ म्हणून घेतलेलं तिथे निवांत बसलेलं सापडतं.

शेवटी नव्या खात्यावर लाइट सुरू करा. सुरू करताना किंवा नंतर अ‍ॅप ‘शिल्लक कमी झाली की आपोआप भरा’ असं विचारेल. तिथे नाही म्हणा. आपोआप भरणारा बटवा म्हणजे तळ नसलेला बटवा. भरायचं ते हाताने, ठरलेल्या पाच तारखांना.

चालवून पाहताना

दादर पश्चिमेच्या भाजीबाजाराचं उदाहरण घ्या. मेथीची जुडी एकाकडे, टोमॅटो दुसरीकडे, लिंबं आणि कोथिंबीर पायरीवर बसलेल्या मावशींकडे, मग कोपऱ्यावर नारळ. चार क्यूआर, चार छोट्या रकमा, पिन एकदाही नाही. दर वेळी पडद्यावर उरलेली शिल्लक दिसते: ३,१२०, मग ३,०६०, मग २,९४०. हा आकडा उतरताना दिसणं हीच लाइटची खरी कमाई. बँक खात्यातून पैसे जातात तेव्हा शिल्लक कुणी मुद्दाम जाऊन बघत नाही. आणि पाहिली तरी तिथे हप्त्याचे, बिलांचे आणि शाळेचे पैसे एकत्र पडलेले असतात, त्यामुळे आकडा फसवा आणि गुबगुबीत दिसतो.

दोषही तिथेच आहे. पिन टाकायला लागणारे चार क्षण काही लोकांना वाचवत असतात. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवर ‘एक दूध आणि सोबत चिप्स’ मागवण्याची सवय असेल तर लाइट ती सवय सोपी करतं. सामान १४० चं, वर हाताळणी आणि पोहोचवण्याचे पैसे, आणि हे आठवड्यातून चारदा. अशांनी त्या अ‍ॅपवर लाइट वापरू नये, पिनची कटकट राहू द्यावी. वेगळं खातं न काढता नुसतं लाइट सुरू केलं तर खर्च कमी होण्याऐवजी वाढण्याची शक्यता जास्त, हे स्पष्ट सांगायला हवं.

पाच हजार चौथ्याच दिवशी संपले तर? पुढचा भाग दोन दिवस आधी ओढायचा नाही. तो ओढला की २६ तारखेच्या भागाला महिनाअखेर पोचताच येत नाही. राखीव रकमेतून एकदाच ५०० घ्या आणि वहीत नोंदवा. इथे वही लागते, पण वेगळ्या कामासाठी. प्रत्येक खर्च लिहिण्याची गरज नाही, तो अ‍ॅपमध्ये आहेच. वहीत तीनच रकाने: भरल्याची तारीख, किती दिवस पुरले, कशामुळे संपले. महिन्याला पाच ओळी. ‘चार दिवस, पाहुणे’, ‘सहा दिवस’, ‘तीन दिवस, मुलाचा ताप, डॉक्टर ६००, औषधं ७४०’. तीन महिन्यांच्या पंधरा ओळी समोर ठेवल्या की घराचा आजार कोणत्याही गोल आलेखापेक्षा लवकर कळतो. उलट सहा दिवसांनी ७०० उरले असतील तर लाइटमध्ये ४,३०० च मावतील आणि ७०० खात्यात राहतील. ते पुढच्या भागात न मिसळता महिनाअखेर कार्डावर भरा.

तांत्रिक बाजूने सावध राहण्याच्या दोन जागा आहेत. लाइटची शिल्लक त्या फोनला आणि त्या अ‍ॅपला बांधलेली असते. फोन बदलण्याआधी, अ‍ॅप काढण्याआधी किंवा सिम बदलण्याआधी लाइटमधले पैसे खात्यात परत घ्या. लाइट बंद न करताही पैसे परत घेण्याची सोय २०२५ मध्ये आली. दुसरं, पिन नसल्यामुळे उघडा फोन ज्याच्या हाती पडेल तो शिल्लक संपेपर्यंत खर्च करू शकतो. लोकलच्या गर्दीत फिरणाऱ्या फोनला स्क्रीनलॉक आणि अ‍ॅपलॉक दोन्ही हवेत.

घरातलं दुसरं माणूस

एकाच्या फोनवर कितीही शिस्त आणली तरी घर एक जण चालवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेलं यूपीआय सर्कल इथे कामाला येतं. खातं एकाचं, पण खर्च दुसऱ्या माणसाला स्वतःच्या फोनवरून करता येतो. त्याचं स्वतःचं बँक खातं असण्याचीही गरज नाही. मुख्य वापरकर्ता पाच जणांपर्यंत जोडू शकतो, जोडलेला माणूस मात्र एकाच मुख्य वापरकर्त्याशी बांधलेला असतो. प्रकार दोन. पूर्ण अधिकार दिला तर महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका व्यवहाराला ५,००० पर्यंत, त्याच्या आत तुम्ही ठरवाल ती मर्यादा. अंशतः अधिकार दिला तर प्रत्येक खर्चाची विनंती मुख्य माणसाच्या फोनवर येते आणि तो पिन टाकेल तेव्हाच पैसे जातात.

आमची शिफारस पूर्ण अधिकाराची. अंशतः अधिकार कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी ठीक आहे. पण बायकोने पावटे घ्यायचे की नाही हे ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेल्या नवऱ्याच्या पिनवर अवलंबून ठेवणं, किंवा उलट, हे कर्ज फेडण्यापेक्षा घर मोडण्याचं साधन आहे. शिवाय भाजीवाला तेवढा वेळ थांबतही नाही. मर्यादा दोघांनी बसून ठरवावी आणि त्यापुढे प्रश्न विचारू नयेत.

वरच्या गणितात सर्कल बसवायचं तर ५,००० च्या प्रत्येक भागातले ३,००० लाइटमध्ये भरा आणि २,००० खात्यात राहू द्या. सर्कलची मासिक मर्यादा १०,००० ठेवा. सर्कलचे पैसे लाइटमधून नव्हे, खात्यातून जातात, त्यामुळे सगळे ५,००० लाइटमध्ये भरले तर समोरच्याचा व्यवहार दुकानातच फसेल. एक उणीव अशी की ही सोय सगळ्याच अ‍ॅप्समध्ये नाही, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना जोडणीच्या वेळी शेजारी बसून मदत करावी लागते.

खर्च मोजणारी अ‍ॅप्स

एसएमएस वाचून खर्चाची वर्गवारी करणाऱ्या अ‍ॅप्सना या मांडणीत जागा कमी आहे. दादरच्या त्या चार क्यूआरमागे चार व्यक्तींची नावं असतात. नेहमीच्या यूपीआयने पैसे दिले तर अ‍ॅप त्यांना भाजी न समजता ‘व्यक्तीला पाठवलेले’ या गटात टाकतं. कार्डावरची खरेदी एकदा मोजतं आणि कार्डाचं बिल भरलं की तीच रक्कम पुन्हा मोजतं. स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात वळवलेले पैसेही खर्चात धरतं. आणि लाइट वापरलं तर त्याला फक्त ‘लाइटमध्ये भरले’ एवढाच संदेश दिसतो, पुढचं काहीच नाही.

याहून मोठा आक्षेप त्यांच्या धंद्याबद्दल आहे. बरीचशी फुकट अ‍ॅप्स कर्ज विकून चालतात. तुमची बाकी किती आणि पगार कधी येतो हे ज्याला ठाऊक, तोच वीस तारखेला ‘तुमच्यासाठी मंजूर’ म्हणून ५०,००० पुढे करतो. कर्ज फेडणाऱ्याने असलं अ‍ॅप फोनवर ठेवणं म्हणजे कोल्ह्याला द्राक्षमळ्याची राखण देणं. ज्यांना महिन्याच्या शेवटी वर्गवारी हवीच, त्यांनी यूपीआय अ‍ॅपमधली खर्चाची यादी स्प्रेडशीटमध्ये उतरवून घ्यावी.

मोठे खर्च, जे बटव्यात मावत नाहीत

वाणसामान महिन्यातून एकदाच, यादीने, बिलांच्या पैशांतून. यादीबाहेरचं काही न घेणं ज्यांना मॉलमध्ये जमत नाही त्यांच्यासाठी मुंबई ग्राहक पंचायतीची वितरण व्यवस्था अजूनही उत्तम. १९७५ पासून चालत आलेली ही पद्धत साधी आहे: शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ, मागणीची यादी आगाऊ भरायची, सामान संघातल्या एका घरी उतरतं आणि सभासद ते आपसांत वाटून घेतात. पुढच्या महिन्याला किती साखर आणि किती तूरडाळ लागेल हे आधी ठरवावं लागतं, आणि खर्च आटोक्यात येतो तो या ठरवण्यामुळेच. गैरसोय उघड आहे. जवळ संघ असावा लागतो, वाटपाच्या दिवशी घरातलं कुणीतरी मोकळं असावं लागतं, आणि ऐन वेळी रवा संपला तर वाण्याकडे जावंच लागतं.

लोकलच्या पासाबद्दल एक गोष्ट फार जण तपासत नाहीत. तिमाही पास मासिक पासाच्या २.७ पट, सहामाही ५.४ पट आणि वार्षिक १०.८ पट दराने मिळतो. तिन्हीत सवलत एकच: दहा टक्के. तेव्हा कर्ज असताना वार्षिक पासात पैसे अडकवण्यात काही जास्तीचा फायदा नाही, तिमाही पुरे. मासिक मात्र काढू नये.

वार्षिक खर्च हे कार्डाची बाकी पुन्हा वर चढण्याचं सर्वांत नेहमीचं कारण. शाळेची फी १८,०००, विम्याचे हप्ते १४,०००, गणपती-दिवाळी १०,०००, गावी जाणं ६,०००, एकूण ४८,०००, म्हणून महिन्याला ४,०००. गणपती दर वर्षी येतात, तरी दर वर्षी ते ‘अचानक’ खर्चात धरले जातात! यासाठी आवर्ती ठेव चांगली, कारण ती आपोआप कापली जाते आणि मोडायला दोनदा विचार करावा लागतो. फक्त पहिल्या वर्षी पंचाईत होते. ठेव बारा महिन्यांची आणि फी चौथ्या महिन्यात. म्हणून पहिलं वर्ष ही रक्कम साध्या बचतीत वेगळी ठेवा आणि आवर्ती ठेव दुसऱ्या वर्षापासून सुरू करा. मेंटेनन्स तिमाही येत असेल किंवा महानगर गॅसचं बिल दोन महिन्यांनी येत असेल तर त्याचाही महिन्याचा वाटा २१,००० मध्ये धरलेला हवा.

वाचलेले पैसे कुठे घालायचे

आधी कार्ड. भावना बाजूला ठेवून हे गणित पाहा. ६०,००० बाकीवर महिना ३.५ टक्के व्याज, म्हणजे २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी ३७८. मिळून २,४७८. अनेक कार्डांवर किमान देय रक्कम बाकीच्या ५ टक्के, म्हणजे ३,००० असते. ती इमानेइतबारे भरली तर मुद्दल उतरतं फक्त ५२२ रुपयांनी. महिन्याला ५,००० भरले तर बाकी १७ व्या महिन्यात संपते. त्यात राखीव ४,४५३ ची भर घालून ९,४५३ भरले तर आठव्या महिन्यात. अट एकच, त्या काळात कार्डावर नवीन काही घ्यायचं नाही. जुनी बाकी राहिली असेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळतच नाही, घेतल्या दिवसापासून व्याज लागतं.

कार्डाची बाकी ईएमआयमध्ये बदलून देण्याचा फोन येईलच. दर १६ टक्के सांगितला तरी कार्डावरच्या व्याजाला जीएसटी लागतो, म्हणून तो प्रत्यक्षात १८.८८ पडतो, वर प्रक्रिया शुल्क. तरीही महिना साडेतीन टक्क्यांपेक्षा कितीतरी बरा. घ्यायला हरकत नाही, पण मोकळ्या होत जाणाऱ्या मर्यादेकडे बघायचं नाही.

पर्सनल लोनचा हप्ता ज्या तारखेला आहे त्याच्या आदल्या दिवशी पैसे खात्यात हवेत, रविवार असला तरी. ‘पाच तारखेला रविवार आहे, सोमवारी कापतील’ हा समज जुना झाला. १ ऑगस्ट २०२१ पासून एनएसीएच, म्हणजे खात्यातून हप्ते आपोआप कापणारी यंत्रणा, आठवड्याचे सातही दिवस चालते. हप्ता परत गेला तर तुमची बँक आणि कर्ज देणारी संस्था दोघेही पैसे लावतात. उशिराचा दंड मात्र व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने ते बंद केलं आहे. जानेवारी २०२५ पासून कर्जदारांची माहिती सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे निदान दर पंधरवड्याला जाते. त्यामुळे चूक लवकर दिसते आणि सुधारणाही.

आता ‘बॅलन्स ट्रान्सफर’, म्हणजे उरलेलं कर्ज कमी दराच्या दुसऱ्या बँकेकडे वळवणं. वरचंच कर्ज बारा हप्ते भरून झाल्यावर सुमारे २,१५,४०० उरतं. दुसरी बँक १२ टक्क्यांनी उरलेल्या २४ महिन्यांसाठी देते, नवा हप्ता १०,१४०. महिन्याला ४०७ वाचले, दोन वर्षांत ९,७६८. आता खर्च धरा. जुन्या बँकेचं मुदतपूर्व बंद करण्याचं शुल्क ४ टक्के अधिक जीएसटी, सुमारे १०,१७०. नव्या बँकेचं प्रक्रिया शुल्क दीड टक्का अधिक जीएसटी, सुमारे ३,८१०. चौदा हजार घालवून पावणेदहा हजार वाचवले. एजंट हे सांगत नाही. तो मुदत ४८ महिने करतो, हप्ता ५,६७३ वर येतो आणि ‘निम्मा झाला’ म्हणून टाळी मागतो. जुन्या कर्जावर उरलेलं व्याज सुमारे ३७,७०० होतं, नव्यावर ते ५६,९०० होतं, शुल्क वेगळंच.

१ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या फ्लोटिंग, म्हणजे वेळोवेळी बदलणाऱ्या, दराच्या बिगर-व्यावसायिक वैयक्तिक कर्जांना मुदतपूर्व फेडीचं शुल्क नाही. पण पर्सनल लोन बहुतेक स्थिर दराचं असतं, त्याला ही सवलत आपोआप लागू होत नाही. म्हणून सही करण्याआधी मुख्य तथ्य विवरण (की फॅक्ट्स स्टेटमेंट) मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ मुदत कर्जाला ते द्यावं लागतं आणि त्यात शुल्कांसह वार्षिक टक्केवारी दर छापलेला असतो. तुलना करायची ती त्या दराची, जाहिरातीतल्या दराची नव्हे.

‘हप्ते थांबवा, आम्ही बँकेशी बोलून निम्म्यात मिटवतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांना शून्य गुण. फी त्यांची, थकबाकी तुमची, आणि पतअहवालावर ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता मिटवलं, असा शेरा बसतो. हप्ता खरोखरच झेपत नसेल तर कर्ज देणाऱ्या संस्थेला स्वतः लेखी कळवून मुदत वाढवून मागा. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. तक्रारीला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी क्रमांक १४४४८.

कुणासाठी, कुणासाठी नाही

ठरलेल्या तारखेला पगार येणाऱ्या आणि रोजचा खर्च बहुतेक क्यूआरवर करणाऱ्या घरांसाठी ही त्रयी चांगली आहे. किंमत शून्य आणि जोडणीला एक शनिवार पुरतो. रिक्षा, केटरिंग, शिकवण्या अशी कमीजास्त आवक असलेल्यांनी पाच तारखा ठरवू नयेत. आवक येईल तशी आधी हप्त्याचा हिस्सा वेगळा काढावा आणि लाइट ५,००० च्या वर न भरण्याचा नियम तेवढा पाळावा. ज्या घरात अजून मासळी, दूध आणि वाणी यांचा हिशेब रोखीत चालतो, तिथे पाच पाकिटं आणि त्याच पाच तारखा पुरतात, फोनचं काही अडलेलं नाही.

कार्डाची बाकी संपल्याच्या पुढच्या महिन्यात स्टेटमेंटमध्ये पुन्हा थोडं व्याज दिसेल. ते स्टेटमेंटच्या तारखेपासून तुम्ही पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं असतं. चूक समजून सोडून देऊ नका, भरून टाका. नाहीतर त्या शे-दोनशेवर उशिराचा दंड बसतो. मग कार्ड बंद करायचं असेल तर लेखी विनंती करा. बाकी नसताना सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद केलं नाही तर बँकेला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. महिनाभराने पतअहवाल काढून ते खातं ‘बंद’ दिसतं का ते पाहा. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो.